कॉलर्डच्या बियांतून केल कसा उगवला? (कोबीच्या भाऊबंदांची नावं आणि नाती)

वाफा (रॅली, नॉर्थ कॅरोलायना), सप्टेंबर

नमस्कार मंडळी. बागकाम विभागात बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. कारण एक कोडं सुटत नाहीये.

आमच्याकडे मागच्या अंगणात तीन छोटे वाफे आहेत. गेल्या हिवाळ्यात एकात कॉलर्ड लावला, दुसऱ्यात कुरळ्या पानांचा केल (हीही कोबीच्या भाऊबंदांतली पालेभाजीच), तिसऱ्यात 'रेड रशियन' नावाचा केल. ज्यांनी कॉलर्ड पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: गड्डा न धरणारा कोबी डोळ्यांसमोर आणा. हाताच्या पंजाएवढी, कधी सुपाएवढी, गुळगुळीत निळसर-हिरवी पानं, जाड पांढरट शीर. पाणी टाकलं तर थेंब पाऱ्यासारखे घरंगळतात. इथे दक्षिणेत लोकांचा या भाजीवर फार जीव आहे. नवीन वर्षाच्या दिवशी चवळी आणि कॉलर्ड शिजवायचाच, हिरवा पाला म्हणजे हिरव्या नोटा अशी समजूत. मी लसूण-मिरचीची फोडणी देऊन, ओलं खोबरं घालून करते. घरात सगळे आवडीनं खातात.

एप्रिलमध्ये तिन्ही वाफे फुलावर आले. मधमाश्या दिवसभर असायच्या. उपटायला जीव होईना, म्हणून जूनमध्ये शेंगा वाळल्यावर तिन्हीचं बी धरलं, वेगवेगळ्या पाकिटांत, नावं घालून. ऑगस्टमध्ये पेरलं. आता रोपं वीतभर झालीत आणि बघते तर कॉलर्डच्या वाफ्यात जवळजवळ निम्म्या रोपांच्या पानांना झालर! कुरळ्या केलच्या वाफ्यात उलटं, काही रोपांची पानं सपाट होत चालली आहेत. रेड रशियन मात्र जसाच्या तसा आलाय, तीच कापलेली राखाडी-हिरवी पानं, त्याच जांभळ्या शिरा.

बाजारातून आणलेली मूळ पाकिटं जपून ठेवली होती, ती काढून पाहिली. तिन्हींवर शास्त्रीय नाव एकच छापलंय: ब्रासिका ओलेरेसिया असेफाला. एकच जात असेल तर तिन्ही मिसळायला हवे होते. वेगळ्या जाती असतील तर एकही मिसळायला नको होता. दोन मिसळले आणि एक सोवळ्यात राहिला, हे कसं?

---

माळरान (बारामती)

वाफाताई, तुमचं निरीक्षण फार छान आहे. मी आयुष्यभर बियाण्याच्या कामात होतो, आता निवृत्त आहे, त्यामुळे हा धागा पाहून राहवलं नाही.

उत्तर आधी सांगतो, मग कारण. तुमचा कॉलर्ड आणि कुरळा केल ही एकाच जातीची दोन रूपं आहेत. रेड रशियन वेगळ्या जातीचा आहे. त्याच्या पाकिटावरचं नाव चुकलंय.

कोबी, फुलकोबी, ब्रोकोली, नवलकोल, ब्रसेल्स स्प्राउट, केल आणि कॉलर्ड ही सगळी शास्त्राच्या दृष्टीनं एक जात, ब्रासिका ओलेरेसिया. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली हे नाव दिलं. 'ओलेरेसिया' म्हणजे स्वयंपाकघरातल्या भाजीची. प्रत्येक ठिकाणी माणसानं झाडाचा वेगळा अवयव वाढवत नेला. शेंड्याची कळी फुगवली तिचा कोबी झाला, खोड फुगवलं त्याचा नवलकोल, पानांच्या बगलेतल्या कळ्या फुगवल्या त्याचे ब्रसेल्स स्प्राउट, फुलोरा दाट केला त्याची फुलकोबी. केल आणि कॉलर्डमध्ये पानावरच समाधान मानलं. गुणसूत्रं सगळ्यांत १८च.

या जातीला स्वतःचे पराग सहसा चालत नाहीत. फुलाला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात, आणि ते दुसरं झाड कॉलर्ड आहे की केल की नवलकोल याची त्याला फिकीर नाही. तुमच्या मधमाश्यांनी दोन वाफ्यांत सोयरीक जुळवली. म्हणूनच बियाणं घेणारे लोक कोबी आणि फुलकोबीचे बीजोत्पादनाचे प्लॉट एकमेकांपासून किलोमीटरभर लांब ठेवतात.

रेड रशियन आणि सैबेरियन म्हणून जे केल मिळतात ते ब्रासिका नेपस, त्यातली पाबुलारिया. म्हणजे ज्या जातीत कनोला हे तेलबी आणि रुटाबागा हा सलगमासारखा कंद येतात ती. तिची गुणसूत्रं ३८, आणि तिला स्वतःचे पराग चालतात. कॉलर्डशी तिचं सहजी जमत नाही. म्हणून ती शुद्ध राहिली.

एप्रिलमधले फोटो असतील तर फुलोऱ्याच्या दांड्यावरची वरची पानं बघा. नेपसमध्ये पानाचा तळ दोन कानांसारखा होऊन दांड्याला मिठी मारतो. कोबीवर्गात ही पकड इतकी ठळक दिसत नाही.

---

वाफा

काका, फोटो आहेत! आत्ताच मोठे करून पाहिले. रेड रशियनच्या वरच्या पानांना खरंच दोन पाळ्या आहेत, दांड्याभोवती कवटाळल्यासारख्या. कॉलर्डच्या वरच्या पानांना तसं दिसत नाही. एप्रिलमध्ये रोज पाणी घालताना हे डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नाही.

पण मग दोघांना 'केल' का म्हणतात?

---

शब्दपारखी (पुणे)

वाफा, याचं उत्तर शेतात नाही, भाषेत आहे. मला वनस्पतिशास्त्र फारसं येत नाही, पण या शब्दाच्या मागे मी खूप फिरलोय.

मूळ लॅटिन शब्द 'कौलिस', अर्थ दांडा, देठ. त्यातून रोमन लोकांच्या बोलण्यात कोबीवर्गीय भाजीचा अर्थ आला. युरोपभर तो पसरला: जर्मन 'कोल', डच 'कोल', इटालियन 'कावोलो', स्पॅनिश 'कोल', पोर्तुगीज 'कोव्ह', जुन्या इंग्रजीतून 'कोल'. त्याच 'कोल'चं उत्तरेकडचं, स्कॉटलंडकडचं रूप म्हणजे 'केल'. तिकडे घरामागच्या भाजीच्या तुकड्याला 'केलयार्ड' म्हणत, इतकी ती भाजी रोजची.

इंग्लंडात या पालेभाजीला 'कोलवर्ट' म्हणायचे, 'वर्ट' म्हणजे वनस्पती. बोलताबोलता कोलवर्टचा 'कॉलर्ड' झाला आणि समुद्र ओलांडून अमेरिकेत गेला. म्हणजे केल आणि कॉलर्ड हे शब्दसुद्धा एकाच शब्दाची दोन पोरं. एक उत्तरेत वाढलं, एक अमेरिकेच्या दक्षिणेत. दोन्हींचा अर्थ मुळात 'गड्डा न धरणारा कोबी' एवढाच. रशिया-सैबेरियाकडून आलेली भाजी इंग्रजी बोलणाऱ्यांनी पाहिली, तीही पानांची, तीही थंडीत टिकणारी, म्हणून तिलाही केल म्हटलं. स्वयंपाकघर गुणसूत्रं मोजत नाही.

आता आपल्याकडचं बघा. 'नवलकोल'मध्ये नवल नाही. डचमध्ये 'क्नोल' म्हणजे गाठ, कंद, आणि 'कोल' म्हणजे कोबी. त्यावरून हिंदुस्थानातल्या इंग्रजीत 'नोलकोल' झालं आणि मराठीनं त्याचं नवलकोल, कुठे अलकोल केलं. शेवटचा 'कोल' हा कॉलर्डमधला 'कॉल'च आहे. मंडईतली बाई दिवसातून शंभरदा हा शब्द उच्चारते आणि लॅटिनपर्यंतचा धागा तिच्या तोंडात असतो, याचं मला दरवेळी अप्रूप वाटतं.

आणि हिंदी-उर्दूतला जुना शब्द 'करमकल्ला'. 'करम' हा फारसी शब्द, अर्थ कोबी, आणि 'कल्ला' म्हणजे डोकं. डोकंवाला कोबी. शास्त्रज्ञ गड्ड्याच्या कोबीला 'कॅपिटाटा' म्हणतात, त्याचाही अर्थ डोकंवाला. आणि बिनगड्ड्याच्या सगळ्यांना 'असेफाला', ग्रीकमध्ये बिनडोक्याचा. दोन टोकांच्या लोकांना तेच दिसलं आणि दोघांनी तेच नाव ठेवलं.

---

मांडवीकाठ (पणजी)

शब्दपारखी, 'कोव्ह'वरूनच मराठीत 'कोबी' आला. पोर्तुगिजांच्या बरोबर आलेल्या शब्दांतला तो एक.

यातली एक गोष्ट मला लिस्बनला गेले तेव्हा कळली. तिथे बाजारात मी कोबी म्हणून 'कोव्ह' मागितला तर बाईंनी पानांची जुडी हातात ठेवली. गड्ड्याला ते 'रेपोल्यू' म्हणतात. 'कोव्ह' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर पानंच येतात, विशेषतः 'कोव्ह गालेगा', जी पुरुषभर उंच दांड्यावर वाढते आणि खालून एकेक पान तोडत खातात. तीच पानं दोऱ्यासारखी बारीक चिरून 'काल्दो व्हेर्द' नावाचं सूप होतं. मी एका घरी ते चिरताना पाहिलं. पाच-सहा पानं एकावर एक ठेवून घट्ट गुंडाळी केली, विडीसारखी, आणि सुरी इतकी झरझर चालली की ताटात हिरव्या केसांचा ढीग पडला. गोव्यात हे सूप आजही करतात, पण बऱ्याच घरांत पालक घालून, कारण ती कोव्ह इथे रुजली नाही. म्हणजे आपण शब्द ठेवला पानांच्या भाजीचा आणि लावला गड्ड्याला.

तिथे 'कोव्ह त्रोंशूदा' पण मिळते, जाड पांढऱ्या शिरेची, नाताळच्या आदल्या रात्री बकाल्यावबरोबर, म्हणजे खारवलेल्या कॉड माशाबरोबर, उकडून खातात. ती वनस्पतिशास्त्रात कुठे बसते?

---

माळरान

त्रोंशूदा म्हणजे ओलेरेसियाचीच 'कोस्टाटा'. 'कोस्टा' म्हणजे बरगडी, त्या शिरेवरून.

---

चिनारपान (श्रीनगर)

मी मूळची सांगलीची, लग्न होऊन इथे आले त्याला अठरा वर्षं झाली. वाफा, तू ज्याला कॉलर्ड म्हणतेस ते आमच्या घरात आठवड्यातून चार दिवस शिजतं. त्याचं नाव हाख. हाख आणि भात, 'हाख-बतॅ', हे इथल्या साध्या घरच्या जेवणाचं दुसरं नाव आहे, आपल्याकडे भाजी-भाकरी म्हणतात तसं.

सासूबाईंनी पहिल्या महिन्यात शिकवलेली पद्धत अशी. पातेल्यात पाणी, राईचं तेल आणि मीठ घालून खळाखळा उकळायचं. हिंगाचं पाणी, सुकी लाल किंवा हिरवी मिरची. मग धुतलेली अख्खी पानं देठांसकट सोडायची. झाकण ठेवायचं नाही! सुरुवातीला मी सवयीनं झाकण ठेवलं तर पानं काळपट झाली आणि सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं झाकण उचलून बाजूला ठेवलं. मसाला नाही, कांदा नाही, लसूण आमच्या घरात नाही. पानांचा आणि राईच्या तेलाचाच स्वाद. उरलेलं पाणी भातावर घेतात.

आणि इथे 'हाख' म्हटलं की काम संपत नाही. खान्यारी हाख वेगळा, श्रीनगरातल्या खान्यार भागाच्या नावाचा. कावदारी वेगळा. 'मोंज' म्हणजे नवलकोल, आणि त्याची पानं गाठीसकट शिजवली की 'मोंज हाख'. भाजीवाल्याकडे जाऊन नुसतं हाख मागितलं तर तो विचारतो, कुठला? पण याच शब्दाचा दुसरा अर्थ नुसती पालेभाजी असाही होतो, म्हणून रानातून खुडून आणलेल्या भाज्यांनाही हाख म्हणतात.

माझा प्रश्न काकांना. मी गूगलवर शोधलं तर हाखला कुणी केल म्हणतं, कुणी कॉलर्ड, कुणी 'काश्मिरी पालक', कुणी 'करम साग'. आमच्या घरची भाजी नक्की कोण?

---

माळरान

चिनारपान, ओलेरेसिया, असेफाला गटातली. गुळगुळीत पानं, झालर नाही, म्हणून केलपेक्षा कॉलर्डच्या जवळची म्हणता येईल. पालक अजिबात नाही, पालकाचं कुळच वेगळं. पण माझं स्पष्ट मत सांगतो: तिला हाखच म्हणा. इंग्रजी नावाच्या साच्यात बसवायची काही गरज नाही. शास्त्रीय नाव त्याचसाठी असतं, म्हणजे रॅलीतल्या आणि श्रीनगरातल्या माणसाला आपापलं नाव न सोडता एकमेकांचं कळावं.

---

एकपान

मला या चर्चेचा उद्देश कळत नाही. भाजी चांगली लागते ना? मग शास्त्रीय नावात व्हिरिडिस म्हणा की सॅबेलिका, काय फरक पडतो? शास्त्रज्ञसुद्धा एकमेकांशी सहमत नाहीत. एका साइटवर एक नाव, दुसरीवर दुसरं.

---

माळरान

एकपान, फरक पडतो. वाफाताईंच्या वाफ्यात पडला. एक हंगाम गेला. शेतकऱ्याचा हंगाम जातो तेव्हा त्याचं वर्ष जातं. पाकिटावर नेपस छापलं असतं तर त्यांना आधीच कळलं असतं की रेड रशियनची काळजी नको, बाकीच्या दोघांना एकत्र फुलू देऊ नये.

पण तुमचा दुसरा मुद्दा रास्त आहे. नावांत घोळ आहे, आणि त्याला इतिहास आहे. सविस्तर लिहितो.

लिनियसनं १७५३मध्ये ओलेरेसियाच्या पोटात बऱ्याच उपजाती मांडल्या. सपाट हिरव्या पानांची 'व्हिरिडिस', म्हणजे नुसतं 'हिरवी', कॉलर्डला आज हेच नाव लावतात. कुरळ्या पानांची 'सॅबेलिका', हा तुमचा झालरवाला केल. एवढंच नाही, रुटाबागासुद्धा त्यानं कोबीच्याच पोटात टाकला होता, 'नेपोब्रासिका' म्हणून. तो नेपस आहे हे नंतर स्पष्ट झालं. म्हणजे केलच्या बाबतीत आज जो गोंधळ पाकिटावर होतोय तसाच गोंधळ खुद्द लिनियसचा एका कंदाच्या बाबतीत झाला होता. मग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला द कॅन्डोल या वनस्पतिशास्त्रज्ञानं बिनगड्ड्याच्या सगळ्यांना 'असेफाला' या एका छत्रीखाली आणलं. शिवाय काळपट लांब पानांच्या इटालियन केलला 'पाल्मिफोलिया', ताडासारख्या पानांची. आजकाल पुण्याच्या मॉलमध्ये 'डायनासोर केल' म्हणून मिळतो तो हाच. गुरांसाठी लावायचा जाड खोडाचा 'मेड्युलोसा'. जर्सी बेटावर एक इतका उंच वाढतो की त्याच्या वाळलेल्या दांड्यांच्या हातकाठ्या करतात, तो 'लाँगाटा'.

आता अडचण बघा. ही लॅटिन नावं रानातल्या वनस्पतींसाठी ठरवलेल्या पद्धतीची. रानात वेगळेपणा निसर्गानं घडवलेला असतो. इथे तो माणसानं निवडून घडवलाय, पिढ्यान्‌पिढ्या बी राखून. एका झालरीवरून किंवा शिरेच्या जाडीवरून लॅटिन उपजात करायची का? अनेकांना ते पटलं नाही. म्हणून १९५३ साली लागवडीच्या वनस्पतींच्या नावांची वेगळी नियमावली आली. तिच्यात 'गट' ही सोय आहे. म्हणून कुणी 'व्हेरायटी व्हिरिडिस' लिहितो, कुणी 'व्हिरिडिस गट', कुणी जुन्या सवयीनं सगळ्यांना 'असेफाला गट'. तिन्ही चालतात, पण तिसऱ्यात माहिती कमी. त्याच्यापुढे वाणाचं नाव एकेरी अवतरणात, जसं 'व्हेट्स' किंवा 'जॉर्जिया सदर्न'. मला व्यक्तिशः गट हीच पद्धत प्रामाणिक वाटते. ती 'ही भाजी अशी दिसते आणि अशी वापरतात' एवढंच म्हणते. वंशावळीचा दावा करत नाही.

---

थिका_रोड (नैरोबी)

आमच्याकडे हीच भाजी 'सुकुमा विकी'. स्वाहिलीत 'सुकुमा' म्हणजे ढकल, 'विकी' म्हणजे आठवडा. पगार यायच्या आधीचा आठवडा ढकलायची भाजी. उगालीबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर, खातात. इंग्रजीत बोलताना सगळे तिला केल म्हणतात, पण पानाला झालर नसते, मोठं सपाट पान. माळरान काकांच्या हिशोबानं ती कॉलर्डच झाली.

इथिओपियन लोकांची 'गोमेन' अजून वेगळी. त्यांची मूळ भाजी ब्रासिका कॅरिनाटा, पण अमेरिकेतल्या इथिओपियन हॉटेलात तीच गोमेन कॉलर्डची करून देतात.

---

गुणसूत्र (सॅन होजे)

काकांनी 'वंशावळीचा दावा करत नाही' लिहिलं, त्यावर थोडं. मी वनस्पतींच्या जनुकांवर काम करते, या पिकावर नाही, पण हे संशोधन वाचत असते.

आधी या पिकांच्या नात्याचा त्रिकोण. १९३५ साली वू जांग-चुन यांनी, जपानी नाव नागाहारू यू, ब्रासिकाच्या सहा पिकांचं नातं उलगडलं. तीन मूळ जाती: रापा म्हणजे सलगम-चायनीज कोबीची बाजू, २० गुणसूत्रं. निग्रा, काळी मोहरी, १६. ओलेरेसिया, १८. या तिघांच्या जोड्यांतून तीन संकर. रापा आणि निग्रातून आपली मोहरी, जुन्सिया, ३६. रापा आणि ओलेरेसियातून नेपस, ३८. निग्रा आणि ओलेरेसियातून थिका_रोड यांची कॅरिनाटा, ३४. बेरीज करून बघा, तंतोतंत जमते. वू यांनी रापा आणि ओलेरेसियाचा संकर करून नेपस पुन्हा घडवूनही दाखवला. त्यामुळे वाफा, तुझा रेड रशियन हा कॉलर्डचा परका नाही. त्याच्या अर्ध्या अंगात कोबी आहे, अर्ध्यात सलगम. पान केलसारखं का दिसतं त्याचं हे एक कारण.

दुसरं जास्त रंजक. आपण केल आणि कॉलर्डला सख्खी भावंडं समजतो, दोघं बिनगड्ड्याचे म्हणून. २०१५मध्ये अमेरिकेत कॉलर्डच्या ७५ गावठी वाणांची जनुकीय तपासणी झाली. कॉलर्ड कुणाजवळ बसला? केलजवळ नाही, गड्ड्याच्या कोबीजवळ. आधीही कुणी असं सुचवलं होतं, ते यात पक्कं झालं. शिवाय या गावठी वाणांत इतर कुठल्याही कोबीवर्गीय पिकात न सापडणारी जनुकीय विविधता मुबलक निघाली. ज्यांनी ही बियाणी घरच्या डब्यांत, बरण्यांत पिढ्यान्‌पिढ्या राखली ते दक्षिणेतले लहान शेतकरी आणि परसबागवाले, त्यात कृष्णवर्णीय कुटुंबं फार. हे काम त्यांचं आहे, ते कुणीतरी म्हणायला हवं.

केल तर एका फांदीवर येतच नाहीत. कुरळा एकीकडे, इटालियन दुसरीकडे. म्हणजे 'असेफाला' ही एका आजीची नातवंडं नाहीत, एकसारखे कपडे घातलेली वेगवेगळ्या घरांतली मुलं आहेत.

आणि मूळ घर? पूर्वी इंग्लंड-फ्रान्सच्या समुद्रकाठच्या खडूच्या कड्यांवर वाढणारा रानकोबी हा पूर्वज मानायचे. २०२१च्या एका मोठ्या अभ्यासात सगळ्यात जवळची रानटी जात निघाली ब्रासिका क्रेटिका, भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडची. कड्यांवरच्या त्या झाडांपैकी बरीचशी शेतातून निसटून रानात गेलेल्यांची संतती असावीत असं आता दिसतं.

---

शब्दपारखी

हे जुन्या ग्रंथांशी जुळतं! थिओफ्रास्टस या ग्रीक तत्त्वज्ञानं, म्हणजे इसवी सनाच्या आधी सुमारे तीनशे वर्षं, कोबीचे तीन प्रकार लिहिलेत: कुरळ्या पानांचा, गुळगुळीत पानांचा आणि रानटी. ग्रीसमध्येच. लिनियसच्या सॅबेलिका आणि व्हिरिडिसच्या दोन हजार वर्षं आधी तोच भेद.

---

वाफा

गुणसूत्र, तुमचा 'कोबीजवळ' हा शब्द वाचून मी ताडकन उठले. इथून दीड-दोन तासांवर एडन नावाचं गाव आहे, तिथे १९७५पासून कॉलर्डचा उत्सव भरतो. गेल्या शनिवारी आम्ही गेलो. तिकडे लोक ज्याला मान देतात तो कॉलर्ड निळसर नसतो, पिवळट-पोपटी असतो, पान पातळ, आणि मधोमध आतली पानं सैल गुंडाळल्यासारखी. त्याला ते 'कॅबेज कॉलर्ड' म्हणतात! कोबी-कॉलर्ड. मला वाटायचं नुसतं कौतुकाचं नाव. रोपं विकणाऱ्या एका आजीबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की त्यांच्या आईच्या घरापासूनचं बी आहे आणि शेजाऱ्यांच्या निळ्या कॉलर्डला त्या फुलावर येऊच देत नाहीत, स्वतः जाऊन शेंडे खुडून येतात, शेजारी ओरडले तरी. शास्त्रीय नाव त्यांना माहीत नव्हतं. नियम मात्र पक्का माहीत होता.

मी बारा रोपं आणली.

---

डोंगरवाट (कुल्लू)

वाफा, एक सूचना. तुमच्याकडे थंडी मिळते म्हणून बी धरता येतं. महाराष्ट्रातून कुणी हे वाचून कोबीचं किंवा केलचं बी धरायला बसेल तर निराश होईल. या झाडाला फुलावर यायला काही आठवडे सलग थंडी लागते. पठारावर पानं मिळतील, फूल बहुधा नाही. म्हणून कोबीचं बी आमच्यासारख्या डोंगरात होतं. इथे कटराईंला भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचं केंद्र त्यासाठीच आहे. काश्मिरात हाखचं बी घरोघरी धरतात तेही त्या थंडीच्या जोरावर.

आणि बारा रोपं कमी आहेत. परपराग असलेल्या पिकात मोजक्याच झाडांचं बी धरत गेलं की तीन-चार पिढ्यांत जोम जातो. वीसेक तरी हवीत.

---

चिनारपान

डोंगरवाट यांचं खरं आहे. आमच्या मागच्या दारी दरवर्षी वीस-पंचवीस हाख ठेवतात बर्फातून. आणि मी आत्ता सासूबाईंना विचारलं की फुलावर आल्यावर मोंज आणि हाख जवळ ठेवता का. त्या म्हणाल्या, मोंज तोपर्यंत खाऊन संपलेला असतो.

---

वाफा, एप्रिल

धागा वर काढतेय, क्षमस्व. काकांनी सांगितलं होतं की हंगाम संपला की कळव.

ऑक्टोबरमध्ये एडनला परत जाऊन त्याच आजीबाईंकडून अजून दहा रोपं आणली. झालरवाली संकर रोपं हिवाळाभर खाल्ली, चव छान होती, पहिल्या कडाक्याच्या थंडीनंतर तर गोडसर. मार्चमध्ये त्यांचे शेंडे दिसू लागले तशी सगळी उपटली. कुरळा केलही. रेड रशियन राहू दिला, काकांच्या भरवशावर.

आता मागच्या अंगणात बावीस पिवळे कॉलर्ड फुलावर आहेत, माझ्या खांद्याएवढे. फुलं फिकी लिंबाच्या रंगाची, चार पाकळ्या, अधिकाच्या खुणेसारख्या. उमललेली फुलं खाली आणि कळ्यांचा झुपका त्यांच्या वर. मधमाश्या सकाळी आठपासून. शेजारी दोन घरं सोडून कुणी ब्रोकोली फुलावर सोडलीय का हे काल संध्याकाळी फिरून पाहून आले. एका घरी होती. बेल वाजवली, सगळं सांगितलं, एडनच्या आजीबाईंचंही. त्या बाईंनी आतून कात्री आणली आणि आम्ही दोघींनी मिळून शेंडे खुडले. त्या ब्रोकोलीच्या फुलांची मी रात्री परतून भाजी केली.

बियांच्या पाकिटावर काय लिहू, काका?

---

माळरान

लिहा: ब्रासिका ओलेरेसिया, व्हिरिडिस गट. खाली वाण: पिवळा कॅबेज कॉलर्ड, एडन. खाली साल, आणि बावीस झाडांचं बी. आणि त्या आजीबाईंची परवानगी असेल तर त्यांचं नावही लिहा, सगळ्यात वर.

---

वाफा

उद्या फोन करून विचारते.